सुका दात पांढरा दिसतो

मी दात बोलतोय. वरच्या ओळीतला, अगदी पुढचा. आम्ही बत्तीस भावंडं, पण आरशात लाड माझेच.

माझा मालक कवळ्या बनवतो. गिऱ्हाईकाच्या दाताशी रंगांची नमुनापट्टी धरण्याआधी तो हटकून बजावतो, "दातावरून जीभ फिरवा आधी. सुका दात पांढरा दिसतो, फसायला होतं."

त्याच्या वडिलांचे, आबांचे, सगळे दात तंबाखूपायी गेले. त्यांची कवळी त्यानेच केली. ती बसवली त्या दिवशी आबांनी त्याचा हात धरला. "तू नाही ना कसल्या नादाला लागणार?"

"तुमची शपथ, आबा."

मग एक दिवस त्याच्या खिशात पेनाएवढी नळी आली, ई-सिगारेट म्हणतात ती. स्ट्रॉबेरीच्या वासाची. "धूर नाही रे, नुसती वाफ," तो शेजारच्या टेबलावरच्या कारागिराला सांगायचा. मला कोण विचारतो! ती गोड, चिकट वाफ माझ्यावर बसायची आणि तोंड कोरडं पडायचं. लाळ ही आमची आई. दिवसभर आम्हाला न्हाऊ घालते. ती आटली आणि आम्ही पोरके झालो. चहाचा दोष नाही असं नाही, पण पूर्वी चहा धुतला जायचा, आता माझ्यावर मुक्काम करू लागला. हिरडीजवळ खडूसारखा डाग उठला. वरचं कवच, ज्याला तो इनॅमल म्हणतो, ठिसूळ झालं. एकदा साध्या बिस्किटाने माझा टवका उडाला. मला फार भीती वाटली.

तो आरशात बघायचा, पण नळी ओढून झाल्यावर. कोरड्या तोंडात मी पांढराच दिसायचो. "आहे की झकास!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परवा कवळी टोचते म्हणून आबा त्याच्या कामाच्या जागी आले. तो हसला आणि त्यांना टवका दिसला.

"पडलास का रे?"

"नाही. बिस्कीट खाताना..."

"बिस्किटानं दात तुटतो? जीभ फिरव दातावरून."

त्याने फिरवली. आबांनी टेबलावरची पट्टी माझ्याशेजारी धरली. एकेक नमुना सरकवत ते पार शेवटच्या, काळपट टोकाला थांबले. मग त्यांना खिशातून डोकावणारी नळी दिसली.

"शपथ मोडली नाही, आबा. हा तंबाखू नाही."

"मी तंबाखूचं नाव घेतलं होतं का?"

आबांनी तोंडातली कवळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "असू दे तुझ्याजवळ," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "नमुना म्हणून." आणि तसेच निघून गेले.

उद्या मला घासून बारीक करणार आहेत, वर कॅप बसेल. आज माझा शेवटचा उजेड. कवळी टेबलावर आहे आणि नळी अजून खिशातच. मालका, एवढंच कर. आरशात बघण्याआधी एक घोट पाणी पी. मी खरा कसा आहे, ते एकदा तरी बघ.