लाल ठिगळाची छत्री

अंबाजीला आता घरातल्या मांजराचाही भरवसा वाटेनासा झाला होता. दर शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सदूतात्या नावाचा म्हातारा बोलायला लागे आणि अख्खं गाव पोट धरून हसे. तात्या हेकट, चिकट, कोठीची चावी स्वतःच्या करगोट्याला बांधून ती घरभर शोधणारा. तात्याचं बोलणं लिहायचा आणि त्याच्या आवाजात ते बोलायचाही एकच माणूस, अंबाजीचा मुलगा चांगदेव. तात्या म्हणजे कोण, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी शिमग्यात चांगदेवनं बापाचं सोंग काढलं होतं. शिमग्यातल्या सोंगाचा राग धरायचा नाही, ही रीतच. अंबाजीही दातओठ खात का होईना, हसला. पण शिमगा सरल्यावर पोरानं तेच सोंग एका लग्नाच्या मांडवात, सोयऱ्याधायऱ्यांसमोर काढलं. अंबाजी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्यांदा मना तोंड दावू नको." चांगदेव त्याच दुपारी मांडव्याहून लाँच धरून मुंबईला गेला आणि पुढे तिथंच रेडिओत लागला. चारचौघांत गेलेला शब्द अंबाजीला परत घेता येईना, आणि त्या शब्दासकट घरात जेवण गोड लागेना.

तेव्हापासून दर रविवारी, मुंबईच्या कचेऱ्या बंद असतात त्या दिवशी, तो छत्री घेऊन मांडव्याच्या धक्क्यावर जाई. कुणी विचारलं तर म्हणे, "भरती बघाया आलूय. शेताच्या बांधाची काळजी." बांध होता एकीकडे, धक्का दुसरीकडे. पण अंबाजीशी वाद कोण घालणार?

रेडिओवरच्या चावीची गोष्ट जुनी, पोरानं लहानपणी पाहिलेली. तिचं अंबाजीला काही वाटलं नाही. पण एका शनिवारी तात्याच्या छत्रीला लाल ठिगळ लागलं आणि अंबाजीनं आपली छत्री मांडीखाली सरकवली. त्याच्या छत्रीला लाल ठिगळ लागलं होतं ते गेल्या दिवाळीत, बायजाच्या जुन्या लुगड्याचं. चांगदेव तेव्हा गावात होता कुठे? म्हणजे गावातलंच कुणीतरी त्याला बातम्या पुरवत होतं.

घरी येताच त्यानं बायकोला धरलं. "तूच त्याला कलवतेस."

"मना लिवता येतं काय?" बायजा चुलीपाशीच म्हणाली. "आनि आलं असतं तर ठिगलाचं कशाला लिवलं असतं? घरी ये म्हनून लिवलं असतं."

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच त्याला ते पटलं नाही. पुढे त्यानं सापळा लावला. शेजारच्या मोरूला कानात सांगितलं, की बैल विकायला काढलाय. धक्क्यावर लाँचचे दोर बांधणाऱ्या दयारामला सांगितलं, की भावकीवर दावा लावतोय. दोन्ही थापा. आता तात्या बैल विकतो की कोर्टात जातो, ते ऐकायला तो रेडिओपाशी सगळ्यांत पुढे बसू लागला. तात्यानं बैलही विकला नाही आणि दावाही लावला नाही. अंबाजीचा संशय मात्र वाढला. दोघंही पक्के निघाले, असं त्यानं ठरवून टाकलं.

मग तो शनिवार आला. रेडिओवर तात्या धक्क्यावर गेला होता. लाँच निघून गेली, माणसं पांगली, तरी तात्या उभाच. लाँचवरचा खलाशी ओरडला, "तात्या, हात कुणाला करताय?"

"हात कुठला? टोपी सारखी करतोय."

"तात्या, टोपी तर आज घरी विसरलात."

गाव खदाखदा हसलं. अंबाजीचा हात आपोआप डोक्याकडे गेला. गेल्या रविवारी तो खरोखरच टोपी विसरला होता. लाँच सुटल्यावर त्याचा हात वर गेला होता, आणि तो लपवायला त्यानं टक्कल खाजवलं होतं. तेव्हा दयाराम चहाला गेला होता आणि मोरू गावातच होता. हे दिसलं असेल तर फक्त लाँचवरून.

मग त्याला आठवलं. लाँचच्या मागच्या बाकावर डोक्यावरून टॉवेल घेतलेला एक माणूस उतरलाच नव्हता. लाँच लागली असेल बिचाऱ्याला, असं अंबाजीला वाटलं होतं. पोरगा येत होता. धक्क्यावर बापाला बघत होता, बापाचा शब्द पाळत होता आणि त्याच लाँचनं परत जात होता. अंबाजीला रडू आलं. गाव हसतच होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बायजानं तेवढं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लाँच येताना दिसली तसा अंबाजी समुद्राकडे पाठ करून उभा राहिला.

"अंबाजीदा, आज भरती डोंगराकडून येते काय?" दयारामनं विचारलं.

उतारू बाजूनं निघून गेले. मागं कुणी थांबलं नाही, लाँच गेली. आठवडाभर गावानं त्याची टर उडवली. पुढच्या रविवारी तो पुन्हा तसाच, डोंगराकडे तोंड करून उभा.

उतारूंची पावलं संपली. दयाराम दोर सोडायला वाकला.

"सोडू नको," अंबाजी मोठ्यानं म्हणाला. "एक उतरायचा हाय अजून. मी काय त्याचं तोंड बघत न्हाय."

बराच वेळ नुसतं पाणी धक्क्याला आपटत होतं. मग उतरायची फळी वाजली. चपला आल्या आणि त्याच्या मागं थांबल्या. अंबाजीनं न वळता छत्री मागं धरली.

"ऊन हाय," तो म्हणाला.

कुणीतरी छत्री घेतली, उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली. दोघं गावाकडे निघाले, बाप पुढे, लेक मागे. घराच्या अंगणापर्यंत अंबाजीनं शब्द पाळला. दारात बायजा उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि तो मागं वळला.

"हे रेडिओत सांगायचं न्हाय," तो म्हणाला.