दोन जावांची मेथी

मखमलाबादच्या मालनबाई आणि शकुबाई सख्ख्या जावा. वाटणीनंतर दोघींचे मळे वेगळे झाले, विहीर तेवढी सामाईक राहिली. मालनबाई भाजीला शेणखत घालायच्या, शकुबाईंचा सगळा भरवसा युरियावर. नाशिकच्या बाजारात दोघी शेजारी बसायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत. बोलायचं ते गिऱ्हाइकाच्या आडून.

"शेणखताची मेथी हाय ताई, युरिया नाय दावला हिला."

"शेणातली भाजी कशाला खाता ताई? माझी बघा, कशी सोच्छ!"

लता पगारे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. १९८३च्या हिवाळ्यात एका रविवारी ती घोळाण्यासाठी मेथी घ्यायला आली. घोळाण्यात मेथी कच्चीच चिरून घालतात, म्हणून तिनं विचारलं, "खरंच कुणाची स्वच्छ?"

दोघी एकदम बोलू लागल्या. लतानं हसून दोघींकडची एकेक जुडी घेतली. "प्रयोगशाळेत तपासते आणि सांगते."

पुढच्या रविवारी तिनं निकाल सांगितला, "मावशी, दोघी नापास."

दोघींनाही ते पटेना. शेवटी लतानं त्यांना कॉलेजातच बोलावलं. ठेवणीतली लुगडी नेसून त्या आल्या आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या. लतानं काचेच्या दोन बशा समोर ठेवल्या. दोन्हींत गुलाबी ठिपक्यांची दाटी होती.

"मेथीवरचे जंतू यात वाढवले, त्यांचे हे ठिपके. असे जंतू बहुतेक जनावरांच्या, माणसांच्या आतड्यातले असतात. भाजीला शेण नाहीतर घाण पाणी लागलं की येतात."

मालनबाईंनी लगेच बोट दाखवलं. "ही तिची असंल."

"ती तुमची, मावशी."

शकुबाई खुदकन हसल्या. "मंग माझ्यात कमी असत्याल."

"कमी कुठले? मोजतासुद्धा येईनात."

आता मालनबाई हसल्या. मग लतानं विचारलं तसं त्यांनी सांगितलं, की गोठ्यातलं ताजं शेण पाण्यात कालवून त्या उभ्या भाजीला देतात.

"पण मी तर शेणाला हात लावत नाय," शकुबाई म्हणाल्या.

"जुड्या कुठं धुता?"

"पाटावर. बाजाराच्या वाटंतच हाय."

मालनबाईंना राहवलं नाही. "अगं, तिथं म्हशी डुंबत्यात की!"

"तुमच्याच म्हशी, जाऊबाई!"

बोलून गेल्यावर दोघी दचकल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एकमेकींशी थेट बोलल्या होत्या. मग मालनबाईंना असं हसू फुटलं की पदर तोंडाला लावावा लागला, आणि शकुबाई तर बाकावरून घसरायच्याच बाकी होत्या. लतानं चहा मागवला.

चहा पिता पिता ठरलं. शेण खड्ड्यात पुरतं कुजवायचं आणि पेरणीआधीच मातीत मिसळायचं. जुड्या विहिरीच्याच पाण्यानं धुवायच्या. दोघींच्या नवऱ्यांनी कुरकुरत का होईना, विहिरीलगत एक हौद बांधला.

पुढच्या हंगामात लतानं पुन्हा मेथी तपासली. दोन्ही बशांत ठिपके तुरळकच होते. "तरी घरी नीट धुऊनच खाणार हं," असं बजावत तिनं दोन जुड्या घेतल्या.

मळ्यात आता मालनबाई हौदात पाणी ओततात, शकुबाई जुड्या खळबळून काढतात. माहेरची लग्नं, बाळंतपणं, कुणाकुणाची भांडणं, वर्षानुवर्षं साचलेलं सगळं बोलायचं असतं. मेथी निथळून होते तरी गप्पा संपत नाहीत, आणि बाजाराची गाडी पुष्कळदा चुकते.