खाली घेतलेला देवराम

मित्रांनो, मी बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातली एक जुनी लोखंडी खाट आहे. स्वस्थ उभं राहणं मला कधीच जमलं नाही. कोणी कूस बदलली की मी कुरकुरते, आणि कोणी हलेनासं झालं की माझ्या जिवाची घालमेल होते.

खंडव्याच्या एका लोहाराने मला घडवलं, जाळी बसवली, पांढरा रंग दिला. माझी जाळी खोल आणि मऊ. पाठ टेकताच रोग्याला बरं वाटायचं, आणि त्याचा मला भारी ताठा होता. एका दुपारी तो पार उतरला.

राज्यं नव्याने पाडली गेली आणि सरकारी कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. दापोऱ्याचा देवराम, केळीच्या बागेत राबणारा धट्टाकट्टा माणूस, छातीत कळ आली म्हणून माझ्यावर येऊन पडला. बायको सोजरबाई पायथ्याशी होती, धाकटा भाऊ चुडामण उशाशी. बोलता बोलता देवरामचे डोळे फिरले. चुडामणने त्याच्या छातीला कान लावला. काहीच ऐकू येईना.

"दादाले खाली घ्या," तो रडत म्हणाला. "खाटेवर जीव गेला तर गती नही मिळत."

आजूबाजूच्या खाटांजवळच्या चौघांनी देवरामला उचलून फरशीवर निजवलं आणि तोंडात तुळशीचं पान ठेवलं. सोजरबाईने दोन्ही मनगटं माझ्या पायावर आपटली. बांगड्यांच्या काचा सगळीकडे उडाल्या.

तेवढ्यात अरविंद डॉक्टर धावत आले. बंद पडलेलं काळीज वरून दाबून चालू करायची नवी रीत ते नुकतेच शिकून आले होते. ते तिथेच गुडघ्यांवर बसले. नर्स अलकाबाईंनी ते पान काढून टाकलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकायला सुरुवात केली. डॉक्टर दोन्ही तळहात रोवून छाती दाबत राहिले. एक बरगडी कडकन मोडली. लोक म्हणाले, मेलेल्याला कशाला छळता? डॉक्टरांनी ऐकलं नाही. शेवटी देवराम कण्हला आणि त्याने श्वास घेतला.

डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "खाली घेतलंत ते बरं झालं. या मऊ जाळीवर सगळा जोर वाया गेला असता."

मित्रांनो, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

पण खरा घोर पुढेच होता. देवराम शुद्धीवर आला, चमच्याने दूध प्यायला, पण माझ्यावर यायला तयार होईना. "खाली घेतलेला माणूस परत वर नही चढत," एवढंच बोलायचा. जबरदस्ती केली की थरथर कापायचा, म्हणून डॉक्टरांनी तिथेच गादी घातली. दापोऱ्याची माणसं टोप्या काढून यायची, दूर उभी राहून म्हणायची, "भला माणूस होता." तो टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत असायचा! सोजरबाईला नणंद बजावून गेली, एकदा फोडलेल्या बांगड्या परत भरत नसतात.

चौथ्या दिवशी देवरामला खोकला लागला. मोडकी बरगडी, दमलेलं काळीज, त्यात फरशीची ओल. डॉक्टर म्हणाले, "आज वर नाही घेतलं, तर मी काही सांगू शकत नाही." मी त्याच्या शेजारी रिकामी उभी होते. मला हात असते तर मीच त्याला ओढून घेतलं असतं.

चार दिवस त्याच्या पायथ्याशी बसलेली सोजरबाई उठली. तिने दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढे धरले. मनगटांवर काचेचे ओरखडे होते.

"हे पाहा. तुम्ही जिते आहे आन् माझे हात उघडे. गाव मले सवाष्ण म्हणत नही, आन् मले रडताही येत नही. मरायचं असंल तर मरा, नही तर वर चढा. मले असं मधात ठेवू नका."

देवरामने त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग भावाला म्हणाला, "चुडामण, धर मले."

पुन्हा छाती दाबावी लागली तर जोर वाया जाऊ नये म्हणून अलकाबाईंनी माझ्या जाळीवर जाड फळी टाकली. हळूहळू, तिघांनी मिळून त्याला वर घेतलं. त्याचं वजन अंगावर आलं तेव्हा मी कुरकुरले नाही, देवाशपथ. त्याच संध्याकाळी कासारीण आली आणि त्याच्यासमोर सोजरबाईने हातभर हिरव्या बांगड्या भरल्या.

पुढचे तीन आठवडे माणूस नुसता तळमळला. बाग सुकेल, घड पडतील, हेच घोकायचा. पंधराव्या दिवशी त्याने पाय खाली सोडले, बाविसाव्या दिवशी चुडामणच्या खांद्यावर हात ठेवून चालत दवाखान्याबाहेर पडला.

आता मी मागच्या ओसरीत गंजत पडले आहे. मला रंग द्या असं म्हणणार नाही. दिलात तर आवडेल. पण एक ऐका, मित्रांनो. डॉक्टर काळीज चालू करतात, तेवढ्याने माणूस परत येत नाही. मरणाच्या दारातून फिरलेला कोणी तुमच्या घरी असेल, तर टोपी काढून दूर उभे राहू नका. त्याच्याजवळ बसा, नावाने हाक मारा, आणि बागेला पाणी केव्हा द्यायचं ते त्यालाच विचारा.