पोह्याच्या भट्टीमागचा हौशा

मी एक जुना निरोप्या आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, कारण मी डोळ्यांना न दिसणारे एक प्रथिन आहे. खांब गावच्या पुंडलिकच्या हौशा नावाच्या वळूच्या वृषणात माझा जन्म झाला. तिथल्या पोसणाऱ्या पेशी मला घडवत आणि शेजारच्या बीजपेशींकडे धाडत. निरोप एवढाच असे : सगळ्या एकदम पुढे जाऊ नका, काहींनी मागे राहून आपल्यासारख्या आणखी घडवा. पुढे गेलेल्यांचे शुक्रजंतू होत. मागे राहिलेल्यांमुळे बियाणे संपत नसे. आम्ही एकेक निरोपे लवकर विरतो, पण दुसरा लगेच तेच काम उचलतो. म्हणून मी सगळ्यांच्या वतीने बोलतो.

ते दिवस फार सुखाचे होते. गावातल्या कितीतरी वासरांच्या कपाळावर हौशासारखा पांढरा टिळा असे. माझे नाव कुणाला ठाऊक नव्हते, तरी वासरांचे कौतुक झाले की मला बरे वाटे.

त्र्याण्णवच्या थंडीत पुंडलिकची बायको ठमाबाई म्हणाली, "हौशाला पोह्याच्या गिरणीमागं बांधा. भट्टीची ऊब मिळंल." गिरणीची ती भट्टीकडची भिंत कायम तापलेली असे. थंडी सरली, पण हौशा तिथेच राहिला. मित्रांनो, वृषण शरीराबाहेर असतात ते गारव्यासाठीच. त्या उष्णतेने घडणारे शुक्रजंतू मरू लागले. आम्ही निरोप देतच राहिलो. मागे थांबलेल्या थोड्या बीजपेशी तेवढ्या तगल्या.

गाई गाभण राहीनात. शेजारचा रघू हसायचा, "पुंडलिकदादा, तुझा वळू आता नुसता शोभेला हाय!"

शेवटी पुंडलिक वैतागला. "खच्ची करून नांगराला जुंपतो," म्हणाला आणि त्याने रोह्याहून ढोरांचे डॉक्टर आणले. तसे झाले असते, तर आमचे घरच बुडाले असते.

डॉक्टर पिशवी उघडताना भिंतीला टेकले आणि चटका बसून उडालेच. "अरे, हा इथं कधीपासून?"

"थंडीपासून," ठमाबाई म्हणाली. "का ओ, चुकलं काय?"

"वैनी, तुम्ही माया केलीत. पण त्याला गारवा लागतो. दोन-अडीच महिने झाडाखाली बांधा, मग बघू."

"तवर फुकट खाऊ घालू?" पुंडलिक म्हणाला.

"व्हय, घालू! मी बांधायला लावला, मीच सोडते." ठमाबाईने दावे सोडले आणि हौशाला आंब्याखाली नेले.

सावलीत आमचे निरोप पुन्हा कामी येऊ लागले. पाऊस लागल्यावर गावातल्या कृष्णाबाईची कपिला गाय गाभण राहिली. ठमाबाईने गावभर सांगितले. रघूच्या घरी तर ती दोनदा गेली.

हौशा जाऊन आता खूप वर्षे झाली. त्याच्या वंशातल्या एका खोंडात मी तेच काम करतो. पण त्या आंब्याखालच्या दिवसांची आठवण जात नाही. मित्रांनो, ठमाबाईची माया खोटी नव्हती. तुम्हीही मुक्या जिवांवर माया करा. फक्त त्यांना जिथे बांधाल, तिथे आधी स्वतः थोडा वेळ उभे राहून बघा.