अर्ध्या सुताचा आउट

“ठमे, हात लावू नकोस तिला. अंगावर पडेल!”

आउटमास्तर दुकानाच्या आतून ओरडले, पण तोवर त्यांची लेक स्टुलावर चढलीसुद्धा होती. छताच्या हुकाला निळी लेडीज सायकल टांगलेली होती आणि चार वाजता भंगारवाला येणार होता. पन्नास वर्षांचं दुकान आज रिकामं करायचं, किल्ली जागेच्या मालकाला द्यायची आणि मास्तरांनी लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं.

“पडली तर पडली. एकेचाळीस वर्षांची घोडी झालेय मी,” असं म्हणत ठमाने दोर सोडला आणि सायकल अलगद खाली घेतली.

आउट म्हणजे काय, ते आजकालच्या लोकांना सांगावं लागतं. चाक फिरताना डावीउजवीकडे मारतं, ती लचक म्हणजे आउट. स्पोक कुठे आवळून, कुठे सैल करून ती काढायची. बाकीचे मेकॅनिक दहा मिनिटांत काढून मोकळे होत. मास्तर एक डोळा मिटून बघत आणि पुन्हा पान्ना उचलत. त्या काळी गिरणीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली, नुसत्या घंट्याच घंट्या! दुकानासमोर रांग लागायची आणि गिऱ्हाइकं हात जोडायची, “मास्तर, द्या हो तशीच. कामावर जायचंय, लग्नाला नाही.” मास्तर देतील तर शपथ. “माझ्या दुकानातून भोपळा बाहेर पडणार नाही,” म्हणायचे.

हा भोपळा जुना होता. मास्तरांनी उमेदवारीत बांधलेलं पहिलं चाक त्यांच्या उस्तादाने चार गिऱ्हाइकांसमोर गर्रकन फिरवलं होतं आणि विचारलं होतं, “चाक केलंयस की भोपळा?” सगळे खो खो हसले. उस्ताद विसरला, हसणारे विसरले. मास्तरांच्या मनाला मात्र जे लागलं ते लागलंच.

ठमा दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, “माझी लेक बाजारातल्या सायकलवर बसणार नाही. मी स्वतः बांधणार.” आणि बांधली. मोठेपणीही चालावी म्हणून पुरत्या मापाची बांधली. निळ्या रंगाचे सात हात दिले, घंटी अशी शोधून आणली की गल्लीच्या टोकाला ऐकू जावी. पुढच्या चाकात तेवढा अर्ध्या सुताचा, नाण्याच्या जाडीएवढा आउट राहिला. “उद्या देतो,” म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही. ठमाची आई म्हणायची, “अहो, पोरगी वाढतेय, सायकल नाही वाढत!” पोरगी बसने शाळेत गेली, बसने कॉलेजात गेली, बसनेच नोकरीला लागली. सायकलवाल्याची लेक आणि सायकल येत नाही, आता बोला! मास्तर मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवे टायर चढवून, पुन्हा एकदा आउट काढायला बसून, शेवटी मान हलवत तिला परत टांगायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि टोमणे मारणारंही कुणी उरलं नाही.

“पाच मिनिटं दे,” मास्तर आता सायकल उलटी करत म्हणाले. “आउट काढतो, मग ने.”

“बाबा, एकतीस वर्षं झाली त्या पाच मिनिटांना.”

“शेवटचं म्हटलं ना!”

चाक फिरलं. मास्तरांनी एक डोळा मिटला, पान्ना लावला आणि अर्धा वळसा दिला. इतक्या वर्षांत आवळून आवळून जेरीला आलेला स्पोक टणकन तुटला. चाक आता चांगलं दोन सूत मारायला लागलं.

मास्तर मटकन खाली बसले. “बघ. सांगत होतो. नाही जमत मला. कधी जमलंच नाही. जाऊ दे भंगारात.”

ही आता हसून वेळ मारून नेणार, असं त्यांना वाटलं. पण ठमा त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.

“बाबा, एक सांगू? लहानपणी शाळेतून आले की मी आधी वर बघायचे. मला वाटायचं, सायकलीत काही नाही, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मी नीट वागले की देतील बाबा.” तिने नाक पुसलं. “अजून ऑफिसात एकेक कागद पाच-पाच वेळा तपासते मी. साहेब वैतागतात. पण हात सुटत नाही.”

मास्तरांच्या मनात आलं, हजारो लोकांची चाकं सरळ केली आणि घरच्या पोरीच्या मनात ही लचक आपणच घालून ठेवली!

“तुझ्यात कसली खोट, वेडे...” ते पुटपुटले.

तेवढ्यात हातगाडी दारात आली. भंगारवाल्याने आत डोकावून विचारलं, “मास्तर, ती निळी पण घ्यायची का?”

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. तुटका स्पोक त्यांनी काढला, ब्रेकचं रबर होईल तेवढं मागे सारलं आणि हातातला पान्ना भंगाराच्या टोपलीत टाकला.

“ती नाही,” ते म्हणाले. “ती गिऱ्हाइकाची आहे. फार खोळंबलंय बिचारं.”

दुकानामागे शाळेचं मैदान होतं, सुट्टीचं मोकळं. ठमाने पँट घोट्यापर्यंत दुमडली आणि बिचकत सीटवर बसली.

“सोडू नका हं, बाबा!”

“नाही सोडत. समोर बघ. चाकाकडे नको बघूस.”

आपल्याच तोंडून हे ऐकून मास्तर जरा चपापले, मग सीट धरून पळायला लागले. चाळिशीतल्या बापाने मैदानाला चार चकरा मारल्या असत्या. बहात्तरीच्या पायांना वीसच पावलं झेपली. एकविसाव्याला त्यांनी हात सोडला.

“बाबा, धरलंय ना?”

“धरलंय, धरलंय!” मास्तर जागच्या जागी उभे राहून ओरडले.

सायकल वाकडीतिकडी का होईना, पुढे जात होती. पुढचं चाक दर फेऱ्याला ब्रेकला घासत होतं, खस्स, खस्स. असला आवाज करणारी सायकल मास्तरांनी पन्नास वर्षांत दुकानाबाहेर पडू दिली नव्हती. पलीकडच्या टोकाला घंटी वाजली. मास्तरांचा हात अजून तसाच पुढे होता, मूठ सीटएवढी उघडी, आणि तो खस्स आवाज थांबू नये म्हणून ते कान देऊन उभे होते.