नवा साचा

“आच वाढव की जरा!” शेडच्या दारातल्या खुर्चीवरून मर्ल बायकोवर खेकसला. पक्षाघातानंतर त्याची जीभ जड झाली होती, टोमण्यांची धार मात्र तशीच होती. “शाळेतल्या पोरांना असलंच वाढायचीस का गं?”

आर्डिसनं रायफलीच्या गोळ्यांच्या साच्याच्या बिजागरीवर लाकडी दांडकं हलकेच मारलं. शिशाची गोळी फडक्यावर पडली. मनुक्यासारखी सुरकुतलेली.

“पोरं ताट चाटूनपुसून खायची. कुरकुर करणारा एकटा तूच.”

तिनं गोळी परत वितळलेल्या शिशात सोडली. बिटररूट खोऱ्यातल्या त्या शाळेचं स्वयंपाकघर तिनं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. तवा तापायच्या आधीचा पॅनकेक कसा होतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सकाळीच तिनं नव्या साच्याचं तेल साबणानं धुऊन काढलं होतं, साचा कोरडा करून शिशाच्या भांड्याच्या काठावर शेकत ठेवला होता.

“शिसं तापलंय रे. साचाच गार आहे अजून.”

आच तिनं वाढवली नाही, हात मात्र भरभर चालवला. ओतायचं, वरची पट्टी सरकवून जादा शिसं कापायचं, उघडायचं, पुन्हा ओतायचं. गोळीकडे बघत बसायचं नाही. हळूहळू सुरकुत्या गेल्या, कडा उमटल्या आणि मग गोळ्या न ठोकताच पडू लागल्या, चकचकीत.

मर्ल उठला. भिंतीला धरत टेबलापाशी आला.

“दे इकडे.”

ती बाजूला झाली. आजवर आपल्या आजोबांच्या जुन्या रायफलीच्या गोळ्या त्यानं दुसऱ्या कुणाला ओतू दिल्या नव्हत्या. त्यानं हातमोजा चढवला, साचा धरला. उजव्या हाताची बोटं मिटेनात. साच्याचे दोन्ही भाग एकमेकांवर नुसतेच खडखडत राहिले. आर्डिस खिडकीबाहेर बघत होती.

“धर,” तो शेवटी म्हणाला. “गार होईल तो.”

तिनं साचा घेतला आणि लगेच ओतायला सुरुवात केली.

शनिवारी क्लबच्या मैदानावर जुन्या रायफलींची स्पर्धा होती. “लुंडक्विस्ट!” असा त्यांच्या आडनावाचा पुकारा झाला, तशा सगळ्यांच्या नजरा सवयीनं मर्लकडे वळल्या. त्यानं गुडघे बाजूला घेतले आणि आर्डिसला बाकावरून जायला वाट दिली.

ती रायफल घेऊन सावकाश पालथी झाली, खांदा सैल सोडला, श्वास रोखला. बार झाला. क्षणभर काहीच नाही. मग लांब टेकाडावरचा पोलादी पत्रा खणकन वाजला.

“वा, मर्ल! गोळ्या झकास ओतल्यास,” शेजारचा म्हातारा म्हणाला. “हात अजून तोच आहे हं!”

“माझा नाही,” मर्ल म्हणाला. “तिचा.”

मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून त्यानं तो मांडीवर नीट ठेवला आणि पुढच्या बाराची वाट बघू लागला.