तीन साहेबांची तबकडी

धुळ्याच्या झुलाल बँडमास्तरच्या लाल टोपीवर वर्षभर तुरा नव्हता. बिनतुऱ्याचा बँडमास्तर पाहून लग्नघरची पोरं फिदीफिदी हसत. पण तो त्याचा त्यानंच उतरवला होता, त्याला कोण काय करणार.

झालं असं, की गेल्या लग्नसराईत जळगावच्या नव्या पेठेत दोन वराती समोरासमोर आल्या. अशा वेळी वाट कुणी सोडायची ते बँड ठरवतात. एकानं गाणं वाजवायचं, दुसऱ्यानं ते तिथल्या तिथे वाजवून दाखवायचं. ज्याला जमलं नाही त्यानं आपली वरात मुकाट्यानं बोळात घ्यायची. जळगावच्या सुकदेव मास्तरचा कान मोठा तिखट. झुलालनं पहिली ओळ वाजवावी आणि दुसरी सुकदेवनं त्याच्या तोंडातून काढून घ्यावी. सुकदेवचं गाणं मात्र झुलालला उचलता आलं नाही. तो हरला आणि नवरदेवाचं घोडं बोळात एका गाईच्या मागे ताटकळत राहिलं. घरी आल्यावर झुलालनं तुरा पेटीत टाकला. सुकदेवला वाट सोडायला लावीन तेव्हाच हा बाहेर निघेल, असं त्यानं बायकोला, तानूबाईला, बजावलं.

आता सुकदेवला न येणारं गाणं आणायचं कुठून? सिनेमाची गाणी धुळ्याला येत तशी जळगावलाही येत. पण नशीब पाहा. तेलगिरणीत यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी गेला आणि त्याचं सगळं सामान मदनलाल शेटजींनी उचललं. त्यात तबकड्या वाजवायचं यंत्र निघालं आणि सोबत एकच मोठी तबकडी. पाकिटावर काळ्या कोटातले तीन साहेब होते: एक पियानोपाशी, एकाच्या हनुवटीखाली व्हायोलिन आणि तिसऱ्याच्या गुडघ्यांत भल्या मोठ्या पोटाचं व्हायोलिन. तिघांचेही चेहरे सुतकी. शेटजींना हवी होती भजनं. त्यांनी ती अडगळ झुलालकडे पाठवून दिली.

यंत्राला वेग बदलायचा खटका होता. झुलालनं जन्मात पाहिलेल्या साऱ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरच्या वेगानं फिरायच्या. दुसरा कुठला वेग असतो हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उगाच कुणी चाळा करू नये म्हणून त्यानं खटका अठ्ठ्याहत्तरवर ठेवला आणि लाल दोऱ्यानं गच्च बांधून टाकला. साहेबांची तबकडी होती तेहतीसची. म्हणजे दुपटीहून जास्त वेगानं ती गरगरणार होती.

सुई टेकली मात्र, आणि मागे कुत्रं लागल्यासारखे तिन्ही साहेब पळत सुटले. व्हायोलिन किंचाळत होतं, पियानो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडत होता. तानूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"हाई गाणं शे का पळापळ शे?"

झुलाल हर्षानं वेडा झाला होता. हे सुकदेवच्या बापाला यायचं नाही!

त्यानं व्हायोलिन आपल्या क्लॅरिनेटवर घेतलं. मोठ्या पोटाचं व्हायोलिन मोठा बाजा वाजवणाऱ्या पुनाच्या गळ्यात मारलं. पियानो कुणाकडेच नव्हता, म्हणून तो ताशा, झांज आणि खुळखुळा यांच्यात वाटून दिला. तालमीत ओठ सुजले, पुनाचे डोळे खोबणीबाहेर आले. गाणं संपलं की सगळे हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

वैशाखात मदनलाल शेटजींच्या मुलाची, सुभाषचंदची, वरात जळगावला निघाली. नव्या पेठेचं तेच वळण, आणि समोर तुरा डोलवत सुकदेव. झुलालनं डोळे मिटले आणि साहेबांना सोडलं.

काय धमाल उडाली म्हणता! ज्यांनी आयुष्यात पाय उचलला नव्हता ते मदनलाल शेटजी धोतराचा सोगा खोचून नाचू लागले. घोडंसुद्धा दोन पायांवर आलं. सुकदेवचा चेहरा पडला. पण बेटा कानाचा पक्का. तिसऱ्या फेरीला त्याच्या क्लॅरिनेटनं चाल पकडलीच. झुलालनं वेग वाढवला, सुकदेवनंही वाढवला. अखेर झुलालच्या माणसांचा दम तुटला. आधी पुनाचा बाजा रेंगाळला, मग ट्रम्पेट. खुळखुळेवाला तर रस्त्यातच बसला. झुलाल एकटा पळून पळणार कुठे? तोही सावकाश वाजवू लागला.

आणि चाल पार पालटली. इतका वेळ जी खिदळत पळत होती ती आता कुणाची तरी वाट पाहत दारात उभी राहिली. नाचणाऱ्यांचे हात आपोआप खाली आले. समोरच्या वरातीतल्या उघड्या मोटारीत बसलेली नवरी, दुपारीच आईच्या गळ्यात पडून निघालेली, ओक्साबोक्शी रडू लागली. सुकदेवनं क्लॅरिनेट ओठांवरून काढलं, थोडा वेळ ऐकलं आणि आपली वरात बोळात घेतली.

झुलाल जिंकला, पण त्याला आनंद म्हणून झाला नाही. आपण दमलो, गाणं बिघडवलं आणि सुकदेवनं दया केली, एवढंच त्याच्या मनानं घेतलं. तानूबाईनं परोपरीनं सांगितलं, तरी त्यानं तुऱ्याला हात लावला नाही.

आठवड्यानं सुकदेव सकाळच्या एस. टी.नं धुळ्याला येऊन दारात हजर.

"झुलालभाऊ, पळतं होतं ते मी धरलं. पण शेवटी हळू वाजवलंत, ते मला या जन्मात येणार नाही. ते ऐकवा."

झुलाल खजील झाला. ते तबकडीत नाहीच, आमचा दम गेला होता, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. सुकदेवला ते पटेना. शेवटी झुलालनं यंत्र लावलं. साहेब पळत सुटले. सुकदेव सुई पाहायला वाकला, त्याच्या सदऱ्याची गुंडी दोऱ्यात अडकली, दोरा तुटला आणि खटका सरकला.

तबकडी अडखळली, सावरली, आणि नव्या पेठेत वाजलं होतं तेच सावकाश, तस्संच वाजू लागलं. पोटवाल्या व्हायोलिनचा पुनासारखाच भरलेला सूर. दोघेही तोंड उघडं टाकून शेवटपर्यंत बसून राहिले.

मग झुलालनं खटक्याकडे पाहिलं, तुटलेल्या दोऱ्याकडे पाहिलं आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. बिघडलं काहीच नव्हतं. दम गेला तेव्हाच त्याच्या माणसांनी ते खरं वाजवलं होतं. वर्षभराचं ओझं त्याच्या छातीवरून उतरलं.

"देख सुकदेवभाऊ," तो म्हणाला, "आते हाई तबकडी बी आपलासारखी वाजाले लागनी."

आणि तुरा आण म्हणून सांगायला तो आत वळला, तर तानूबाई दारातच उभी होती, तुऱ्यातली डांबरगोळीची भुकटी झटकत.